अर्ध्या जोडीचा बेंदूर

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या गाडीला जुंपलेल्या एका बैलाची शिंगं हिंगुळानं लालभडक रंगवलेली होती. त्यांवर बेगड चमकत होती आणि कपाळावर लोकरीचा गोंडा होता. दुसऱ्या बैलाची शिंगं मातकट, उघडी होती. बेंदूर आदल्याच दिवशी झाला होता. रंगवलेला ढवळ्या शेजारच्या नेमाण्णांचा आणि उघडा तांब्या आमचा. अशी ती जोडी मला, माझी पत्र्याची ट्रंक आणि आईनं बांधून दिलेली भाकरी घेऊन निपाणीच्या मोटारस्टँडवर आली. तिथं बेळगावच्या मोटारीच्या टपावर चढलेला क्लीनर वरूनच ओरडला, "काय ओ पावनं, रंग अर्ध्यावर सपला व्हय?"

स्टँडवरची सगळी माणसं वळून बघू लागली.  आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पटका थोडा पुढं ओढला आणि माझी ट्रंक उतरवली.

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे अजून गावातच आहेत त्यांना ही जोडी ठाऊक आहे. पण जे माझ्यासारखे कोल्हापूर, सांगली, पुणे असे पांगलेत, त्यांच्यासाठी सांगतो. आमचा दुसरा बैल पटकीसारख्या रोगानं गेला, तेव्हा आबांकडे एकटा तांब्या उरला. नेमाण्णांकडेही एकटा ढवळ्याच होता. दोघांची शेतं बांधाला बांध लागून. एका बैलानं नांगरट होत नाही, म्हणून दोघांनी पैरा केला. आमचा एक आणि त्यांचा एक मिळून जोडी. आज आमचं शेत, उद्या त्यांचं. नेमाण्णा जैन, आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरचं पाणी ते पीत नसत, पण आमचा बैल त्यांच्या दावणीला खुशाल वैरण खाई. याचं गावात कुणालाच नवल वाटत नव्हतं.

नवल वाटलं ते बेंदराला. आमच्या गावात बेंदराला बैल धुतात, रंगवतात, पुरणपोळी खायला घालतात. त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. संध्याकाळी मिरवणूक मारुतीच्या देवळाला वळसा घालून वेशीत जाते. तिथं पानांची दोरी आडवी बांधलेली असते, तिला कर म्हणतात. बैल धावत जाऊन ती तोडतात. आमची ख्रिस्ती मंडळी पाच-सहा घरांची. मंडळीचे मास्तर, जे शाळाही चालवत आणि रविवारी त्याच शाळेत उपदेशही करत, त्यांचा नियम सरळ होता. मिरवणूक मूर्तीला वळसा घालते, म्हणून ख्रिस्ती माणसानं बैल सजवायचा नाही. जो सजवील त्याला प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, बसता येणार नाही. आमचे दोन्ही बैल घरचे होते तोवर ते बेंदराला गोठ्यात उभे राहत. पण आता जोडी अर्धी नेमाण्णांची होती. तेव्हा आबांनी मधला मार्ग काढला: तांब्या मिरवणुकीत जाईल, पण सजणार नाही. आणि मग मारुतीच्या पारावर बसलेल्या पोरांनी आरोळी ठोकली, "एका अंगाला बेंदूर, एका अंगाला सुतक!"

त्या सकाळी निपाणीच्या वाटेवर नेमाण्णा गाडी हाकत होते. ते म्हणाले, "ह्ये बगा, या वर्साला झालं. फुडल्या बेंदराला मी ही अशी जोडी घिऊन जानार न्हाय. येक तर दोनी सजतील, न्हाय तर मी दुसरा पैरा बगनार. माज्या बैलाचं हसं न्हाय करून घ्यायचं मला."

आबा म्हणाले, "व्हय." एवढंच. त्या एका शब्दात काय होतं हे मला ठाऊक होतं. पैरा मोडला की शेत पडणार, तांब्या विकावा लागणार आणि आबा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जाणार. तिथं दिवसभर पानं झोडायची आणि खोकायचं. आणि तांब्या सजवला तर प्रभूच्या मेजापाशी त्यांना जागा नाही. आमच्या आजोबांनी केवढं सोसून मिळवलेली ती जागा! मोटार सुटली तेव्हा आबा दोन्ही बैलांच्या मधे उभे होते. एक हात रंगीत शिंगावर, एक उघड्या शिंगावर.

आईनं मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. "शास्त्र उशाखाली ठेव, पन अंथरून झाडून नीज." आणि, "शाना हो रं शाम्या, पन लई शाना होऊ नकोस." शास्त्र म्हणजे आमचं बायबल. पहिलं मी पाळतो. दुसऱ्याचं तुम्ही ठरवा.

बेळगावात पाय ठेवला आणि खरं सांगतो, मी घरचं सगळं दुःख काही दिवस विसरलोच. किती नवं होतं! खडेबाजारातून चालताना कुठं बघावं हेच कळेना. एका दुकानात कानडी, पुढच्यात मराठी, पलीकडं कोकणी आणि मधूनच एखाद्या गोऱ्या शिपायाचं इंग्रजी. आमच्या ख्रिस्ती मुलांच्या वसतिगृहात विजेचा दिवा होता. पहिल्या दिवशी मी तो लावून, विझवून, पुन्हा लावून बघितला. कॉलेजात लेक्चर असतं, टर्म असते, नोट्स असतात. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार बघणारा मी पहिलाच. कुणाला विचारावं तर विचारायला कुणी नाही. मेसमध्ये ताटावर बसताना कुठल्या हातानं काय घ्यायचं याचीही मला धास्ती वाटे. इथं माझं नावही बदललं. मंडळीच्या नोंदीत मी शमुवेल, गावात शाम्या, आणि इथं लष्कराच्या कॅम्पात वाढलेला माझा खोलीसोबती डेव्हिड मला सॅम म्हणू लागला. तिन्ही हाकांना मी ओ देतो.

पहिल्या रविवारी कॅम्पातल्या मोठ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलो. दारात सवयीनं वहाणा काढल्या. आत आमच्यासारखं जमिनीवर बसायचं नव्हतं, बाकं होती. टाळ नव्हते, पेटीहूनही मोठं वाद्य होतं आणि त्याच्या आवाजानं छातीत धडधडत होतं. मला इतका आनंद झाला की मी गाण्याचे शब्द चुकलो. बाहेर आलो तर भल्या मोठ्या पायरीवर फक्त माझ्या वहाणा होत्या. सगळे बूट घालूनच आत बसले होते. डेव्हिड हसत सुटला, "सॅम, हे काय मारुतीचं देऊळ आहे का?"

मी ओशाळलो. पण रात्रभर मनात तेच. आमच्या गावात उपासनेच्या वेळी आम्ही वहाणा बाहेर काढतो. मास्तर म्हणतात, जळत्या झुडपापुढं मोशेला देवानं पायतण काढायला सांगितलं म्हणून. पण गावातला प्रत्येक माणूस मारुतीपुढंही वहाणा काढतोच, मोशे न वाचता. मग आम्ही ही रीत घेतली कुठून? शास्त्रातून की गावातून? मला वाटलं, बहुतेक दोन्हीकडून. आणि देवाला त्यात काही वावगं वाटत नसावं. एवढ्या साध्या विचारानं मी अंथरुणात उठून बसलो. कारण पुढचा प्रश्न तयारच होता: वहाणांना चालतं, तर शिंगांना का नाही?

पण हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. भीती वाटे. कॉलेजात गेला आणि फिरला असं गावात म्हणतील, ही भीती. मी फक्त वाचू लागलो. सातव्या दिवसाच्या विसाव्याची आज्ञा लहानपणापासून पाठ होती, पण त्या विसाव्यात बैलाचंही नाव आहे हे मी कधी थांबून वाचलंच नव्हतं. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसकी घालू नये, असाही नियम सापडला. आमच्या खळ्यावर सगळे मुसकी घालतात. फक्त आबा घालत नाहीत, आणि लोक म्हणतात, ख्रिस्त्याचा बैल निम्मी रास खातो. मी पहिल्यांदा समजलो की आबा का घालत नाहीत.

मग नाताळ जवळ आला. रेक्टरसाहेबांनी वसतिगृहाच्या अंगणात ख्रिस्तजन्माचा देखावा करायचं ठरवलं. मुलांनी कुठून तरी एक लोखंडी पाळणा आणला, त्यात कापूस घातला, वर मच्छरदाणी सोडली. मी म्हटलं, "गव्हाण अशी नसते." डेव्हिड म्हणाला, "मग कशी असते? तू आण. आणि बैलही आण!" सगळे हसले. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवशी खरंच निघालो.

खडेबाजाराच्या टोकाला खेड्यांकडच्या गाड्या सुटतात. तिथं वडगावच्या विणकरांसाठी सुताचे गठ्ठे वाहणारा एक म्हातारा गाडीवान बैलापुढं वैरण टाकत होता. मी त्याला भीत भीत सांगितलं, आम्हाला एका संध्याकाळपुरता बैल हवा आहे.

"कशापायी?"

"आमच्या प्रभूच्या जन्माचा देखावा आहे. त्याला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून तो गोठ्यात जन्मला. आईनं त्याला गव्हाणीत निजवलं."

म्हाताऱ्याचा हात वैरणीतच थांबला. "गव्हानीत? म्हंजी बैलानं आपली गव्हान सोडली व्हय ल्येकरासाटी?"

"तसं लिहिलेलं नाही. पण..."

"लिवायला कशाला पायजे? गव्हान हाय म्हंजी बैल आलाच की. मंग त्या दिशी तुमी बैलाला काय करता? पोळी घालता?"

"नाही."

"न्हाय?" म्हातारा माझ्याकडं असा बघू लागला, जणू मी ज्या घरी जेवलो त्या घराला नमस्कार न करताच उठून आलो होतो. "ज्यानं जागा दिली त्येला येक घास न्हाय? अरं, तुमाला तर आमच्यापरास मोटा बेंदूर पायजे!"

तो बैल घेऊन स्वतःच आला. देखाव्यात मी खऱ्या फळ्यांची गव्हाण केली होती, तिच्यात कडबा आणि कडब्यावर बाहुली. डेव्हिडनं बाळाला सांभाळणाऱ्या योसेफाचं सोंग घेतलं होतं. गाणं सुरू झालं, आणि बैलानं मान लांब करून बाहुलीखालचा कडबा ओढून खायला सुरुवात केली. बाहुली घरंगळली. योसेफानं ती दोन्ही हातांनी धरली आणि बैलाला म्हणाला, "एक्स्क्यूज मी!" रेक्टरसाहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मी मात्र गाडीवानाकडं बघत होतो. तो हात जोडून उभा होता. बाहुलीपुढं की बैलापुढं, मला सांगता येत नाही. त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला होता की चालत घरी जावं असं वाटत होतं. मला माझ्याच शास्त्रात माझं गाव सापडलं होतं.

नाताळाला घरी गेलो. उपासना झाल्यावर मंडळी बसली होती, आणि बेंदराचा विषय आबांनीच काढला. नेमाण्णांची मुदत त्यांना झोपू देत नव्हती. मास्तर म्हणाले, नियम तो नियम. तेव्हा मी उभा राहिलो.  बैलाचा विसावा, मुसकीचा नियम, गव्हाण असं सगळं एका दमात सांगितलं, अर्धं उलटसुलट.

मास्तरांनी शांतपणे विचारलं, "शमुवेल, शास्त्रात गोठ्यात बैल होता असं कुठं लिहिलंय?"

मी खाली बघितलं. खरंच कुठं लिहिलेलं नाही.  मागून आबांचा आवाज आला, "मास्तर, गव्हान लिवलीया न्हवं? मग ती काय मानसांनी वैरन खायला केलती?"

बाया पदराआड हसल्या. मास्तरही हसले असते, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काही आलं. ते म्हणाले, "तुम्ही हसा. माझ्या बापानं मूर्तीपुढं वाकायचं नाकारलं, तेव्हा आमच्या गावानं आम्हाला पाणवठा बंद केला. माझी आई उन्हाळ्यात ओढ्यात झरा उकरायची. आज शिंगं रंगवू, उद्या नारळ फोडू, परवा काय? आम्ही जे सोडलं ते किती महागात सोडलं, हे या पोराला ठाऊक न्हाय."

   मास्तर दगडमनाचे नव्हते. ते राखण करत होते. आमच्यातल्या प्रत्येक घरात अशी एक उकरलेल्या झऱ्याची गोष्ट आहे, हे मला त्या क्षणी आठवलं.

तेवढ्यात खिडकीबाहेरून नेमाण्णांचा आवाज आला. ते आबांना बोलवायला आले होते आणि बाहेर उभं राहून सगळं ऐकत होते. "मास्तर, मी बोलू का? आमचं देऊळ म्हंजी बस्ती, ती येगळी, आमचा देव येगळा. मी तरी कुटं मारुतीला नवस बोलतो? पन बैल वर्सभर माज्यासाटी मरतोय. येक दीस त्येचा. त्यो दीस गावानं मिळून पाळायचा, म्हनून मी जातो. वळसा कुनाला, त्ये बैलाला इचारा."

मास्तर खिडकीकडून वळले. मग म्हणाले, "आबा, तुम्ही मूर्तीला वळसा घालणार?"

"न्हाय."

"बैलाला देव म्हणून हात जोडणार?"

"बैल हाय त्यो. देव त्येचा आन् माजा येकच."

"बघू," मास्तर म्हणाले. "मी होय म्हणत नाही. बेंदूर येऊ दे. प्रार्थना करू."

त्या 'बघू'वर आम्ही सहा महिने काढले. बेळगावात मी परीक्षा दिली, पण प्रत्येक पेपराच्या शेवटी मनात तांब्या उभा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो, कॉलेज उघडायला थोडे दिवस होते, आणि बेंदूर आला.

सकाळी आबांनी तांब्याला नदीवर नेऊन धुतलं. मास्तरांनी अजून होय म्हटलं नव्हतं, तरी मग गोठ्यात बसून त्यांनी पहिल्यांदाच त्याची शिंगं रंगवली.  एका शिंगावरून रंग कानावर ओघळला. रूथीनं, माझ्या बहिणीनं, कागदाची फुलं केली. आईनं पोळी आणली. मग आम्ही सगळे गव्हाणीपाशी गुडघे टेकून बसलो आणि आबांनी प्रार्थना केली. ती फार लहान होती. "देवा, ह्येच्या गव्हानीत तू निजलास. ह्यानं वर्सभर आमाला जगवलं. आज ह्येला इसावा दे. आमेन." मी डोळे उघडले तेव्हा गोठ्याच्या दारात नेमाण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. ते ढवळ्याला जोडीसाठी घेऊन आले होते.

मिरवणूक निघाली. नेमाण्णांशी ठरल्याप्रमाणे मारुतीच्या देवळापाशी आबांनी तांब्याचा कासरा नेमाण्णांच्या हातात दिला आणि ते स्वतः वळणाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. देवळाला वळसा घालून जोडी आली की ते पुन्हा कासरा घेणार होते. पण तांब्याला हे ठरलेलं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आबांना समोर बघितलं आणि वळसा-बिळसा सोडून तो पारासमोरून आडवा, सरळ त्यांच्याकडं निघाला. त्याच्याशी दोरीनं बांधलेला ढवळ्याही ओढला गेला, आणि ढवळ्यामागं नेमाण्णा, "अरं ये! अरं तिकडनं!" असं ओरडत. पारावरची पोरं उभी राहिली. कुणी तरी ओरडलं, "ख्रिस्ताचा बैल सुटला रं!" आणि सगळं गाव हसलं. आम्हीही हसलो. ते मागच्या वर्षीचं हसू नव्हतं. कर तोडायला जोडी पोचली तेव्हा दोरी केव्हाच तुटून गेली होती. आमची जोडी शेवटून दुसरी आली. आबा एवढे खूश होते की जणू पहिलीच आली.

परतताना शाळेच्या पायरीवर मास्तर हाताची घडी घालून उभे होते.  जोडी त्यांच्यासमोरून जाऊ लागली. मास्तर पायरी उतरले, तांब्याजवळ आले आणि त्याच्या कानावरचा ओघळ अंगठ्यानं पुसला.

"आबा, रंग पातळ केलातसा," ते म्हणाले. "फुडल्या वर्साला डिंक घाला जरा." मग थांबून, "रविवारी येताय न्हवं? प्रभुभोजन हाय."

आबांच्या आधी नेमाण्णाच म्हणाले, "येतील की. मी गाडी जुंपून देतो." शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

हे सगळं गोडच झालं असं मी म्हणत नाही. मंडळीतली दोन घरं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. नेमाण्णा अजून आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. मास्तरांच्या आईच्या झऱ्यापुढं माझी सगळी वाचलेली वाक्यं अजून हलकीच वाटतात. कुठं थांबायचं हे दर वर्षी नव्यानं ठरवावं लागेल असं दिसतं. पण जोडी मोडली नाही. आबा वखारीत गेले नाहीत. आणि त्या रविवारी ते मेजापाशी बसले तेव्हा त्यांच्या नखांत हिंगूळ होता.

कॉलेज उघडलं. मी पुन्हा निघालो, तीच ट्रंक, तीच भाकरी. बेळगावात आता मला घर कुठं असं विचारतात तेव्हा पहिल्यासारखं अडखळायला होत नाही. कॅम्पातल्या देवळात मी अजूनही वहाणा बाहेर काढतो. डेव्हिड हसतो आणि मीही हसतो. त्या बाकावर बसलो की तिथंही मला कडब्याचा वास येतो. पण घर म्हणजे काय ते मला कळलं निपाणीच्या स्टँडवर. आमची गाडी तिथं येऊन थांबली, दोन्ही बैलांची शिंगं लाल, दोन्ही कपाळांवर गोंडे. टपावर तोच क्लीनर होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं गाडीवरून नजर फिरवली, माझी ट्रंक वर घेतली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली. स्टँडवरचं एकही माणूस वळलं नाही. आबांनी पटका पुढं ओढला नाही. आमच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं, आणि मी मोटारीत बसून आनंदानं रडत होतो.